मेलेल्यानं श्वास घ्यायचा नसतो

पूस म्हणालो रे नवीन, पण एवढ्या घाईनं नको. सगळं एकदम निवडू नकोस, एकेक पूस. तसं मला काही घाई नाही — म्हणजे आहे, प्रेमराज सकाळी जळगावला उतरला असेल, दुपारच्या एसटीनं चोपड्यात येतोय. आला की आधी माझा मोबाइल हातात घेईल — तुम्हा पोरांची खोडच ती, बापाच्या मोबाइलात काय आहे ते बघायचं. त्याच्या आत हे व्हिडिओ गेले पाहिजेत. का म्हणजे? तुझ्या दुकानात आलो की तूच म्हणतोस ना, आबा, फोन भरलाय म्हणून. कसले व्हिडिओ? इंग्रजीचे. हसतोस काय? मी इंग्रजी शिकतोय. चौथीतून शाळा सुटली, मग जन्मभर केळीचे घड वाहिले, आता खांदा चालत नाही, तर म्हटलं डोकं चालवून बघावं.

कुठून शिकतो? अरे, ती मालिका नाही का, राजामहाराजांची, आपला प्रेमराज जिच्यात सरदार आहे — तिचं शूटिंग कसं चालतं ते दाखवणारे छोटे छोटे व्हिडिओ येतात. मालिकेतलं मराठी मला कळत नाही, फार जड. पण शूटिंगचा सगळा कारभार इंग्रजीत! इंग्रज बिचारे अजून वखारीत कापड मोजत बसलेत आणि इकडे दरबार त्यांच्या भाषेवर चालतो. शिकायची रीत सोपी आहे — कोणी शब्द ओरडला की माणसं काय करतात ते बघायचं. रोलिंग म्हटलं की सगळे खोकायचे थांबतात. ॲक्शन म्हटलं की खोटं सुरू होतं. कट म्हटलं की राणीसाहेब आधी चपला शोधतात. आणि ब्रेक म्हटलं की — हे बघ, हाच तो — महाराज आणि बादशहा एका ताटातले पोहे खातात. बादशहा विचारतो, लिंबू पिळू का? आपल्याकडं या मालिकेवरून दोन गल्ल्यांचं बोलणं बंद पडलंय, आणि तिकडं वैरी महाराजांना पुठ्ठ्यानं वारा घालतोय. तो किल्ला बघितलास? हात लावला तर डगमगतो. आपला सोनगीरचा खरा, तर त्याच्याकडं कुत्रं बघत नाही. असो. पूस हा.

एक मोठा शब्द आहे, कंटिन्यूइटी. एक मुलगी फोटो घेऊन फिरत असते — काल जखम डाव्या गालावर होती ना, मग आजही डाव्याच गालावर. प्रेमराजच्या मायला मी हेच सांगतो. गावाला एकदा सरदार सांगितलं ना, मग उद्याही सरदार, परवाही सरदार, मध्येच हवालदार नाही करायचा — सांगितलं म्हणजे, आहेच तो सरदार. त्यानंच फोनवर सांगितलं. तू काय असा बघतोस? तुम्हीच तर बसस्टँडवर फ्लेक्स लावलाय. चांगला आहे, चांगला आहे! प्रेमराजला दाढी चिकटवली, पगडी घातली, तलवार दिली, आणि खाली तुम्ही सगळे गॉगल लावून, गोल गोल, स्वागतोत्सुक. उद्या आखाजीच्या सणाला लीलाधरशेठ त्याला फेटा बांधणार — ज्या शेठनं पोराला केळीच्या वजनकाट्यावर चार दिवससुद्धा ठेवला नव्हता, तो. मला आता आबासाहेब म्हणतो. खुर्ची देतो. खुर्ची बरी असते रे, पण टेकून बसवत नाही.

धुळ्याची मेहुणी मात्र हट्टाची. रोज मालिका बघते. एकदा फोन केला — भाऊजी, आपला प्रेमराज मला काही दिसत नाही हो? म्हटलं, दाढीत ओळखू येत नसेल. पण फोन ठेवला आणि मीच बसलो शोधत. प्रत्येक दाढीत शोधला. नाही सापडला. म्हणून मग हे मागचे व्हिडिओ लावायला लागलो, आणि तिथं — इंग्रजी सापडलं. तेच सांगतोय. तिथं इंग्रजी सा— अरे, तो नको! तो लावू नकोस, त्याच्यात काही शब्द नाहीत, तो नुसता — लागला का?

आता लागला तर बघ. एकाच बाकावरचे तुम्ही, ओळखणारच. तो पुढं उभा आहे तो हिरो, नाष्ट्याला काय खातो ते सांगतोय. त्याला सोड. मागं बघ, चिखलात. ती मेलेली माणसं पडलीत ना, त्यातला कडेचा. एक गुडघा वाकडा. लहानपणापासून असाच झोपतो. आता तो भोंगावाला येईल, ऐक — यू! डेड बॉडी! डोन्ट ब्रीद! आणि सगळे हसतात. हिरोसुद्धा हसतो. मला वाटलं, पोराला शिवी दिली. कोणाला विचारणार? विचारलं तर दाखवावं लागेल. म्हणून पुन्हा पुन्हा लावला. मग दिसलं — तो ओरडला, आणि याचं पोट हलायचं थांबलं. तेव्हा कळलं, ब्रीद म्हणजे श्वास. मेलेल्यानं श्वास घ्यायचा नसतो. हिरोचं थालीपीठ काही संपत नाही, आणि याचं पोट हलत नाही. मीपण दर वेळी त्याच्याबरोबर श्वास धरतो. मला जमत नाही. त्याला जमतं. एवढं चांगलं काम करतो रे तो.

त्याची माय? तिनं पाहिला. म्हणाली, खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं, मरू द्या. पण तरी दर वेळी दृष्ट काढते — मीठ, मोहरी, मिरच्या, मोबाइलवरून ओवाळून चुलीत. आवाज खरखरतो म्हणून मी आलो होतो ना मागं, तू म्हणालास, आबा, धूळ गेलीय. धूळ नव्हती. मोहरी होती.

तर हे असं. म्हणून पूस म्हणतो. त्यानं हे बघितलं की त्याला कळेल, आम्हाला कळलंय. मग फोनवर तो जे उभं राहून बोलतो ना — आबा, आज घोड्यावर होतो, आबा, तलवार भलती जड — ते कोणापुढं बोलणार? तू कोणाला सांगू नकोस. खाली बघू नकोस रे, तू काही केलं नाहीस. हां, दाब तिथं. पुसायचं का, विचारतोय मोबाइल? दाब — थांब. वाजला. प्रेमराजचाच फोन आहे. सायलेन्स!

हां, बोल रे भो. बठ्ठं ठीक शे. तुनी माय खापर मांडीसन बशेल शे, पुरणपोळ्या करी रहायनी. उतरना का जळगावले? हां... काय? फ्लेक्स? कोनी धाडा तुले फोटो? — नवीन, तू पाठवलास? बरं, बरं. — हां, ऐकी रहायनू. सुट्टी नही भेटनी? काल त भेटेल व्हती. मंग आते... तठूनच परत जास? स्टेशनवरथीन? आखाजीले घर नही येवाव?

प्रेमराज. फोन ठेवू नको. ऐक. मी इंग्रजी शिकनू. हां, मी. हसू नको. तुले एक सबद सांगस. ब्रीद.

ब्रीद, भो.

... हां. तोच. चिखलमातला. गुडघा वाकडा व्हता तुना. तुनी माय बी देखस. रोज देखस. नही रे, कोनी नही हसनं आठे. हिरो? तेनाकडे कोन देखस? ... रडी ले. मंग तोंड धोय, नि एसटीमा बस. उभा येवू नको, जागा धर. हां. ठेव.

काय बघतोस? डोळे पूस आधी. मोबाइल दे इकडं — नाही, काही पुसू नकोस, एकही नको, त्याला दाखवायचाय आता. शटर ओढ. शिडी आहे का तुझ्याकडं? मग घे. बसस्टँडवर जायचंय, गाडी येण्याआधी तो फ्लेक्स उतरला पाहिजे. लीलाधरशेठचं माझ्याकडं लागलं. काय सांगणार? सांगेन, सरदार लढाईत पडले. पोरगा येतोय.

चल, उचल शिडी.