माळावरची चौकोनी अक्षरं

आळेफाट्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मेंढरांचा एक व्यापारी आणि यमाजी नावाचा मेंढपाळ बोलत बसले होते.

"यमाजीभाऊ, टेंपो आणलाय. त्यो शिंगाळा मेंढा देऊन टाका."

"त्यो न्हाई जमायचा. त्यो अक्षरात हाय."

"कशात?"

"आमच्या सृष्टीनं कॉलेजात नवी अक्षरं काढल्यात. एसटीच्या पाटीवर दिव्यांची असत्यात ना, तशी, समदी चौकोनी ठिपक्यांची. कुठंबी वापरता येत्यात म्हणली. मग आमी माळावर मेंढरांची लिवली. एक ठिपका, एक मेंढरू."

"अन् मेंढरं जागची हालत न्हाईत?"

"खुंट्यांना बांधल्यात. वरच्या रस्त्यावरनं झ्याक वाचता येतंय."

"बरं, मेंढा ऱ्हाऊ द्या. ती कडंची म्हातारी मेंढी द्या."

"ती काढली तर काना आखूड व्हतोय. पोरगी रागावती."

"अवो, गुडघं गेल्यात, आता मेंढरांमागं फिरवत न्हाई, म्हणून तुमीच फोन केला व्हता मला."

"केला व्हता की. गुडघं अजून लई दुखत्यात. पण तवा अक्षरं नव्हती."

"मग एखादं कोकरू तरी द्या राव. मोकळ्या टेंपोनं कसा जाऊ?"

"कोकरं अनुस्वाराला लावल्यात."

"असं लिवलंय तरी काय एवढं?"

"'मेंढरं विकणे आहे.' वाचून गिऱ्हाईक लई येतंय."