म्हशीचं सरपण

न्हाई न्हाई, तुमी हसू नका, तुमाला सांगतो, यात माझी चूक न्हाईच... कस्तुराचे, मनजे आमच्या मंडळीचे, डोळे चुलीच्या धुरानं लालभडक, भाकरी थापता थापता खोकून जीव जायला तिचा, मनून तर मी परभणीला सरपणाच्या शिबिराला गेलो ना! तिथले साहेब मनले, "भुसा तसाच जाळू नका. आधी पाण्यात धुवा, कडक वाळवा, उसाच्या मळीत मळा, हातयंत्रात दाबून कांड्या करा. मग बघा, धूर म्हणून दिसणार नाही."

धूर दिसणार न्हाई! आता तुमीच सांगा, आमच्या झरी गावात बायकोसाठी भुसा धुणारा गडी कुणी बघितलाय का? मी धुतला. तुरीचा भुसा अन् वखारीतला लाकडाचा भुसा, दोन्ही. येणारा जाणारा विचारायला, "चंद्रभान, भुशाला हळद कधी लावायची?" पयल्या कांड्या ओल्या राहिल्या, पेटवल्या तर एवढा धूर की शेजारचा आश्रुबा आग लागली मनून घागर घेऊन पळत आला. पुन्हा धुतलं, पुन्हा वाळवलं... अन् दुसऱ्या खेपेला लागला की हो जाळ, खरंच धूर न्हाई! कस्तुरा चुलीपुढं बसून चक्क हसली. लय बरं वाटलं मला. उरलेल्या पाटीभर कांड्या अंगणात उन्हाला ठेवल्या अन् शेताला गेलो.

जायलाच नको होतं. मळीचा गोड वास, पेंडीसारखा रंग... आमच्या मायला वाटलं, सेलूहून म्हशीला नवी पेंड आणली. अन् नवी पेंड आली की पयली पाटी म्हशीम्होरं, हा आमच्या घरचा रिवाज. संध्याकाळी येऊन बघतो तर पाटी चाटून साफ! माय मनायली, "लय गुणाची पेंड रे, आज कशी पटकन पान्हावली."

"माय, ते सरपण हाय!"

"सरपण चुलीत जातं. हे पोटात गेलं."

बोला आता काय बोलता!

तवापासून म्हस कांड्याबिगर पान्हावतच न्हाई. कांड्या दाबून दाबून माझे दंड भरून आले, पण चुलीला एक उरंल तर शप्पथ. धूर दिसणार न्हाई मनं! वर मायचा हुकूम, "कडक हायत, म्हशीचे दात दुखतील, शिजवून घाला." कशावर शिजवायच्या? कापसाच्या ओल्या पऱ्हाट्यांवर. कस्तुरा परत पदरानं डोळे पुसायली, मला बघवंना. मनलो, "सरक, दे ती फुकणी इकडं."

आता रोज म्हशीचा सैपाक मीच फुकायलोय. धूर काय कमी झाला न्हाई... दोघांत वाटून घेतला, एवढंच.