सहावी जागा

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या आजींना शेजारच्या दोघी म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं ऐकू येत होतं. थोरली जन्मभर गात आलेली. आज तिचे उरलेसुरले दात काढायचे होते.

"ताई, ऊठ ना, आत बोलावतायत."

"मला नाही काढायचे."

"अगं, सगळे हलतायत! दात गेले म्हणून गाणं जातं का कुठं?"

"षड्ज म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"सा. तुझ्या रियाजानं घरच्या भिंतींनाही पाठ झालाय."

"सहा जागांतून जन्मतो, म्हणून षड्ज. नाक, गळा, छाती, टाळू, जीभ आणि दात. जुन्या जाणत्यांनी सांगून ठेवलंय. एक जागा गेली, तर तो जन्मायचा कुठून?"

"नाहीच लागला, तर मरेपर्यंत तुझी बोलणी खाईन."

"ती तू तशीही खातेस."

थोरली आत गेली. बाहेर आली ती तोंडात कापूस दाबूनच.

"ताई, बोलू नकोस हं. डॉक्टर ओरडतील."

थोरलीनं डोळे मिटले. मिटल्या ओठांआडून सा उमटला आणि खोलीभर भरून राहिला. आजींचा हात गालावरून कधी खाली आला, त्यांना कळलंही नाही.

"अगंबाई! ताई, हा कुठून आला गं?"

थोरलीनं डोळे उघडले, लहान मुलीसारखे खांदे उडवले, आणि सा तसाच चालू राहिला.