खारट गाल

सभेचे अध्यक्ष नानासो, दवाखान्याची पंचमंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते डॉक्टर सयाजीराव, आणि कराडच्या माझ्या बंधुभगिनींनो,

"आवं वन्सं, लेकाचा मुका घेतला की व्हट खारट हुत्यात."

माझी भावजय मनुबाई नऊ वर्षांपूर्वी हे म्हणाली. आज हारतुऱ्यांत हे कशाला, असं वाटेल. पण डॉक्टरसाहेब, त्याच दिवशी मी तिला आपल्याकडे आणलं होतं. पोर पोटभर प्यायचं, तरी वाळत चाललं होतं. खोकला हटत नव्हता. आपण हसलात. "तुम्ही बायका मीठमोहऱ्या ओवाळता आणि तेच हात पोराच्या गालाला लावता. आधी ती दृष्ट काढणं थांबवा!" सगळा दवाखाना हसला. मीही हसले. शाळेत शिकवणारी ना मी!

मनुबाईनं दृष्ट काढणं थांबवलं. गाल खारटच. तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा मीच म्हटलं, "डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?" मूल दिवाळीच्या आत गेलं. तीन वर्षांनी दुसरं, तसंच.

डॉक्टर, पुराच्या पाण्यातून होडीनं आपण साथीची औषधं पोचवलीत, हे मी विसरले नाही. हा रोग तेव्हा आपल्याला कळला नाही. कुणालाच कळत नव्हता. पण त्या बाईला पुढं एक प्रश्नही विचारावा असं आपल्याला वाटलं नाही, याचा मला राग येतो. माझा स्वतःचाही येतो.

गेल्या महिन्यात आपल्या दवाखान्यातले धाकटे डॉक्टर अर्जुनराव यांनी १९३८ सालच्या परदेशी मासिकातला एक लेख मला समजावून सांगितला. अशा मुलांच्या पोटातली एक ग्रंथी निकामी होते, अन्न अंगी लागत नाही, छाती चिकट कफानं भरते. खारट गालाबद्दल त्यात एक अक्षर नाही. मनुबाईला ठाऊक आहे ते त्या लेखकालाही ठाऊक नाही!

"आपल्या भागात हा रोग असेल?" मी विचारलं.

"असेलही, बाई. बघायला शिकलंय कोण?"

त्यांना दोन वर्षं मुंबईला जाऊन मुलांचे रोग शिकायचे आहेत. परत येऊन अशी मुलं शोधायची, तपासायची आहेत. पंचांचं उत्तर आलं, निधी नाही.

निधी नाही? मग बाहेर अंगणात घडीव दगड कशाचे पडलेत? डॉक्टरांच्या नावाच्या कमानीसाठी पार जतपर्यंत वर्गणी फिरली ना? मीसुद्धा दिली.

मनुबाई मागच्या रांगेत बसली आहे. मांडीवर चार महिन्यांची लेक. आज सकाळी मी तिच्या गालाचा मुका घेतला. मग बराच वेळ मनुबाईकडे बघवेना. तीच म्हणाली, "सांगा की वन्सं सभेत. लय मागत न्हाई आमी. हिच्याकडं बघाया एक शिकलेला मानूस."

सत्काराच्या वेळी मी कडू बोलले, ते वडीलधाऱ्यांनी पोटात घालावं. इतका वेळ ऐकून घेतलंत, आपली आभारी आहे. आता एकच मागणं. कमान रद्द व्हावी आणि तो पैसा अर्जुनरावांच्या शिक्षणाला जावा. नानासो, हे आपल्याकडे मागत नाही. डॉक्टर, आपण उठून म्हणालात, "मला कमान नको," तर एकही पंच नाही म्हणणार नाही.

आपण अध्यक्षांच्या कानाशी वाकलात, ते दिसतंय मला. आपण उठणार नाही, हेही ठाऊक आहे. तरी मागते. उठा.