शिक्का दिवे उचलत नाही

नाही नाही, आधी टोपी, मग झगा — आणि कंपनीचे तपासनीस असलात तरी बाही जमिनीला टेकवायची नाही हं, साहेब, आत धुळीचा कणही चालत नाही. बसा बाकावर. आत गेल्यावर तुम्ही एकदम 'नापास' म्हणू नये म्हणून आधीच सांगते — म्हणजे म्हणा, तुमचा अधिकारच आहे, पण ऐका तरी. आमच्या टीव्हीच्या पडद्यातला एकेक दिवा पिठाच्या कणाएवढा. चिमट्याने कोण उचलणार? म्हणून मऊ रबराचा शिक्का — हजारो दिवे एका दमात उचलतो नि काचेवर ठेवतो, नुसत्या अंगच्या चिकटपणावर. आणि हल्ली तो मधलेच ठिगळभर दिवे मागे सोडतो! पडद्यावर काळे डाग, गालावर वांग आल्यासारखे. आज तुम्ही नको म्हणालात तर ही लाइन बंद, आणि लाइनबरोबर मीही. बाळंतपणाच्या रजेवरून आत्ता कुठे परत आलेय हो! रबर बदललं, हवा तपासली, पुरवठादाराशी इतकी भांडले की तो आता फोनही घेत नाही. घरी सासूबाई म्हणतात, "तुझे काजवे तू सांभाळ, नातू मी सांभाळते." सांभाळतातही — न्हाऊ घालून, पावडर थापून, पांढराफटक करून मी निघताना माझ्याकडे देतात, आणि तो मानेत तोंड खुपसतो, सोडतच नाही —

काय? कुठे? मानेवर?

अगं बाई.

नाही, थांबा. मी पावडर लावतच नाही! दारावरची पाटी मीच लिहिलीय — क्रीम नको, अत्तर नको, पावडर नको. मी नाही लावत, तो... आणि झगा चढवताना गळ्यातून झडून... चिकट रबरावर पावडर बसली तर ते उचलणार काय, कपाळ! पण दुसऱ्या पाळीतही डाग — नाही. माझ्याच पाळीत. शिक्का पुसून बसवते कोण? मीच. वाकून, जीव ओतून बसवते हो.

लिहिताय? नका ना — म्हणजे, लिहा. लिहा की यंत्र चांगलं आहे, पाळीतली पोरं चांगली आहेत, लाइन बंद करायचं कारण नाही. कारण विचारलंच तर लिहा, बाई निष्काळजी. मी आहेच तशी, घरीही सगळे म्हणतात. फक्त बाळाचं लिहू नका, साहेब. हात जोडते. नाहीतर माझ्यानंतर कुठल्याच बाळंतिणीला परत घेणार नाहीत इथे.



बरं. जा आत. मी इथेच — नाही, इथेही नको, इथेही पावडर झडेल. जा तुम्ही.