काचेखालची माय

बोला, कौसल्येच्या कुशीला आलेल्या बाळाचा जयजयकार! — असा नाही हो! पोटातून! सकाळपासून उपास आहे हे मला माहीत आहे, पण आवाजाला कुठला आलाय उपास?

हां. आता कसं!

मंडळी, बाळ जन्माला यायला अजून अवकाश आहे. पाळणा सजलाय, सुंठवडा तयार आहे, आणि बाहेर चैत्राचं ऊन असं तापलंय की चपला काढून देवळाच्या पायऱ्या चढताना सगळ्यांनी नाच केला. मी बघत होतो! तर तोवर एक प्रश्न विचारतो. उत्तर मला देऊ नका, मनातल्या मनात द्या.

जिनं आपल्या डोक्यावर जन्मभर पदर धरला, तिच्या पदराची लाज माणसाला कधी वाटायला लागते? गरिबीत वाटते का? नाही! गरिबीत त्याच पदराला तोंड पुसतो आपण. मग कधी? चार माणसं आपल्याकडे मान वर करून बघायला लागली, की वाटते? आणि ती लाज माणसाला कुठवर नेते?

ऐका. ही कथा कुठल्या पोथीतली नाही. मूर्तिजापूरच्या एका माणसाची आहे. नाव — गुणवंत बोबडे. आता म्हणाल, बुवा, असं उघड नाव घ्यावं का? त्यानंच सांगितलंय. म्हणाला, "बुवा, नाव लपवू नका. नाव लपवलं तर लोक म्हणतील, नुसती गोष्ट हाये." तो आज इथंच आहे. आत नाही, बाहेर आहे. बाहेर का, ते येईल पुढे.

तर हा गुणवंत धंद्यानं शटरवाला. दुकानांची लोखंडी शटरं बनवायची, बसवायची. वडील लवकर गेले. माय पार्बताबाई — तिनं लोकांच्या शेतावावरात राबून, दुसऱ्यांच्या गोधड्या शिवून याला वाढवलं, लेकीचं लग्न केलं, याला धंद्याला लावलं. धंदा चालला. छान चालला! आणि मंडळी, धंदा चालला की माणूस काय करतो? गाडी घेतो. घ्यावी! पण गुणवंतला साधी गाडी नको. त्याला छपराला काच असलेली हवी. सनरूफ!

तबलजी, मान हलवू नका, तुमच्या जावयाकडे आहे मला ठाऊक आहे!

काय असतं हो हे सनरूफ? तर बटण दाबलं की छपराचा पडदा सरकतो, आणि वर काच. काचेतून आभाळ दिसतं. आणखी एक बटण दाबलं की काचही सरकते, मग पोरं त्यातून डोकी काढून गावभर हात हलवतात. थंड मुलखात लोकांना ऊन मिळत नाही, म्हणून त्यांनी ही सोय काढली. आणि आपण? वऱ्हाडात! जिथं वैशाखात कावळा सावली सोडत नाही, तिथं आपण पैसे मोजून छपराला भोक पाडून घेतलं!

हसलात? हसा. थोडा वेळ हसा.

गाडी घरी आली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं फुटली. मायला मागच्या सीटवर मधोमध बसवलं, बरोबर काचेखाली. गुणवंत म्हणतो, "माय, वर पाह्य! आभाय दिसते!" आणि पार्बताबाई काय म्हणाली? "आभाय त मले वावरातबी दिसत होतं रे बाप्पा. गाडीत सावली लागते." सगळे हसले.

पहिल्याच उन्हाळ्यात टाळू भाजायला लागली. एसी लावला तर पाय गार, डोकं तव्यावर. ज्या दुकानात सीटची कव्हरं केली, तिथला मिस्त्री म्हणाला, "शेठ, काचेला ऊन अडवणारी फिल्म लावून घ्या. नाही तर आतला पडदा तरी बंद ठेवत जा." गुणवंत म्हणाला, "पडदा बंद ठेवाले काच घेतली का मी? फिल्म लावली त काच कायीकुट्ट दिसते, आतलं कायच दिसत नाही लोकाईले."

मंडळी, लक्षात घ्या. याला आभाळ बघायचं नव्हतंच. लोकांनी काच बघावी, एवढंच होतं. जगाच्या दुकानांना शटर बसवणारा माणूस, पण मायच्या डोक्यावर बोटभर पडदा ओढवेना!

मायनं मग काय केलं? भांडली का? नाही हो. सुईदोरा घेतला. आपली जुनी लुगडी आत घातली, आणि वरच्या बाजूला नवऱ्याचं पांढरं धोतर लावलं. पांढऱ्यावरून ऊन परत जातं, एवढं वावरात राबलेल्या बाईला कळतं. काचेच्या मापाची गोधडी शिवली. चार कोपऱ्यांना चार नाडे. दारांवर धरायच्या त्या मुठी असतात ना, त्यांना नाडे बांधायचे, की काच झाकली! गाडीत असा गारवा झाला म्हणता! सूनबाई नलिनी म्हणाली, "माय, हे त लय भारी झालं."

गुणवंतलाही पटलं. पण पटणं आणि मिरवणं यांत फरक असतो ना! हायवेवर गोधडी बांधलेली. गाव जवळ आलं, की गाडी बाजूला घ्यायची, नाडे सोडायचे, गोधडी डिकीत! गावात काच चमकवत शिरायचं. गाव संपलं, की परत थांबायचं, परत नाडे बांधायचे! रस्त्यावरचे ढाबेवाले विचारायचे, "शेठ, गाडी बिघडली का?" गाडी नव्हती बिघडली. बिघडलं होतं वेगळंच.

विठ्ठल... विठ्ठल... म्हणा. टाळ घ्या. आता पुढची वाट उन्हातली आहे.

अकोल्याला लग्न ठरलं. गुणवंतच्या बहिणीची मुलगी, प्रणाली. म्हणजे पार्बताबाईची नात! जिला हिनं पायांवर घेऊन न्हाऊमाखू घातलं, जिच्या पाचवीला ही रात्रभर जागली. वैशाखातला मुहूर्त, भर दुपारचा. गुणवंत मामा! गाडी फुलांनी सजवून आणलेली, नवरीची पाठवणी त्याच गाडीतून व्हायची. मंगल कार्यालयामागे एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत गाडी उभी केली. तिथं मागे बघायला कोणी नव्हतं, म्हणून गोधडी बांधलेली होती. आतापर्यंत सगळं ठीक.

अंतरपाट धरायची वेळ झाली. आणि पहिल्या रांगेत बसलेली पार्बताबाई हळूच उठली.

का उठली? तुम्हाला माहीत आहे का उठली. कपाळ मोकळं ना! तांदूळ टाकायच्या वेळी समोर नको, नातीला अपशकुन नको! मी गुणवंतला विचारलं, कोणी उठवलं होतं का त्यांना? तो म्हणाला, "नाही बुवा. कोनीच नाही उठवलं." आणि मग म्हणाला, "कोनी बसबी नाही म्हनलं."

ऐकलंत? भरला मांडव! शेकडो माणसं! त्यातल्या एकाच्या तोंडून निघालं नाही — बसा हो आजी, तुमच्या हातचे तांदूळ पहिले पडू द्या! मला राग येतो, मंडळी. ही गोष्ट सांगताना दर वेळी इथंच राग येतो. जिच्या पुण्याईवर मांडव उभा, तिला आपण मांडवाबाहेर जाऊ देतो, आणि वर म्हणतो, त्यांची त्यांनाच सवय आहे!

बाहेर आली. गुणवंत दिसला. म्हणाली, "मी गाडीत बसतो रे, अक्षता पडेपर्यंत." त्यानं मागचं दार उघडून बसवलं, इंजिन चालू ठेवलं, एसी लावला, पाण्याची बाटली दिली. पोरगा वाईट नव्हता हो! हे ऐकून ठेवा. वाईट माणसाची गोष्ट सांगायला मी इथं उभा राहिलोच नसतो.

अक्षता पडल्या. बँड सुरू झाला. आणि फोटोवाला धावत आला. "मामा, गाडी गेटसमोर घ्या! नवरा-नवरीचा गाडीजवळ फोटो काढायचा आहे." गुणवंतनं गाडी काढली. माय मागे बसलेली तशीच. सावलीतून गाडी गेटसमोर आली, भर उन्हात. फोटोवाला म्हणाला, "मामा, वरून घेतोय, काचेतून आत फुलं दिसली पाहिजेत. ते फडकं काढा ना."

फडकं!

बापाचं धोतर, मायची लुगडी — फडकं! गुणवंतनं नाडे सोडले. माय म्हणाली, "असू दे ना रे बाप्पा. लय ऊन हाये." तो म्हणाला, "माय, पाच मिनिटं. लोक पाहून रायले." गोधडी मागे डिकीत टाकली. वर आहेराच्या पिशव्या रचल्या. पडदा उघडा. आणि पोरं गाडीभोवती जमली, चालू गाडीत कुणी चढायला नको, म्हणून इंजिन बंद केलं. किल्ली खिशात. "आलोच!"

मंडळी, इंजिन बंद झालं की बटणं बंद. काच खाली होत नाही. पडदा सरकत नाही. आणि मागच्या दारांना नातवंडांसाठी ते लहान मुलांचं कुलूप लावलेलं — आतून कडी ओढली तरी दार उघडत नाही. पुढच्या सीटवर जायला म्हातारीनं मधून ओलांडायचं तरी कसं? जे लेकरांच्या जपणुकीसाठी केलं, त्यात म्हातारी कोंडली गेली.

फोटो झाला. मग मामाचा सत्कार. मग व्याह्यांनी हात धरून पंगतीला नेलं. मामा, जिलबी घ्या! मामा, गाडी झकास आहे! काचेला किती पडले हो? आणि मामा सांगतोय, रंगून सांगतोय. बाहेर बँड वाजतोय. पोरं नाचतायत. नाचता नाचता गाडीला पाठ टेकवतायत! आणि आत ती काचेवर हात मारतेय.

हातात बांगड्या असत्या ना, तर आवाज झाला असता! त्या आपणच काढून घेतल्या होत्या.

 

पंगतीत नलिनी वाढत होती. तिनं सहज विचारलं, "अहो, मायचं ताट कुठं वाढू?"

गुणवंतचा हात पानावर तसाच राहिला. तो उठून पळाला. उष्ट्या हातानं. बँडमधून, नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत. दार उघडलं, तर आतून भट्टीची आच आली. बाटली रिकामी. पदराची घडी करून टाळूवर घेतलेली. आणि एक हात — मंडळी, एक हात सीटच्या पाठीवरून मागे डिकीत सोडलेला. पिशव्यांखालून गोधडीचा एक नाडा तेवढा तिच्या हाती लागला होता. बोटांना गुंडाळलेला होता. गोधडी निघाली नाही. वर आहेर होता ना!

"माय! माय, उठ ना वं! सावलीत घेतो गाडी, उठ!" शटर उचलणारा दांडगा माणूस, पण त्याच्यानं मायच्या बोटांतून तो नाडा सोडवेना. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. नात शालूनिशी धावत आली. अपशकुन होऊ नये म्हणून जी बाहेर गेली होती, तिच्या पायांवर नवरी डोकं आपटून रडत होती. सांगा आता, शकुन कुठला आणि अपशकुन कुठला?

पुढे काय? गुणवंतनं गाडी विकली नाही. छपराच्या काचेवर बाहेरून लोखंडी पत्रा ठोकला, स्वतःच्या हातानं. आतून ती गोधडी शिवून टाकली. लोक हसतात त्या गाडीला. हसू दे म्हणतो. आणि उन्हाळा लागला, की शटरचं दुकान नलिनीवर सोडतो, आणि जिथं जत्रा, जिथं लग्न, जिथं कीर्तन, तिथं जातो. आत जात नाही. बाहेर उभ्या गाड्यांच्या काचांना डोळे लावून, हाताचा आडोसा करून आत बघत फिरतो. चोर समजून दोनदा मार खाल्लाय त्यानं. मी म्हटलं, "गुणवंतराव, आता पुरे. देवळात या, हात जोडा, मन शांत होईल." तर म्हणतो, "बुवा, देवाजवळ लय लोक हायेत. गाडीपाशी कोनी नसते."

तर मंडळी, मघाचं उत्तर आलं का मनात? तुम्ही म्हणाल, आमच्या गाडीला काच नाही. बरं! पण लोक बघतायत म्हणून आईच्या हातचं काय काय आपण डिकीत टाकलंय? तिचं बोलणं टाकलं, तिचं लुगडं टाकलं. पाहुणे आले की तिची खाट मागच्या खोलीत टाकली. आणि प्रत्येक वेळी म्हणालो, पाच मिनिटं हं, आलोच...

थांबा. पेटी थांबवा.

दारात कोण? — गुणवंतराव? या ना आत. नाही? काय झालं? जोरात बोला, इथवर येत नाही ऐकू.

ऐकलंत, मंडळी? राखाडी रंगाची मोठी गाडी. पिंपळापलीकडे, उन्हात. आत एक आजी होत्या. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून बसवून ठेवलेल्या. काच थोडी खाली होती, म्हणून गुणवंतरावांनी हात घालून दार उघडलं. ओला पंचा डोक्यावर दिलाय, पाणी पाजलंय, पायरीवर सावलीत बसवलंय. आजी बोलतायत. विचारतायत — झाला का जन्म?

नाही आजी. झाला नाही अजून.

गाडी कोणाची, ते मी विचारत नाही. मान खाली घालून बसू नका. उठा. दोघंतिघं जा, त्यांना खुर्चीत बसवून, उचलून आत आणा, आणि इथं, पाळण्याजवळ बसवा. पहिल्या रांगेत! कपाळ मोकळं असेल तरी बसवा. पाळण्याची दोरी आज पहिल्यांदा त्याच ओढतील. सूर्य डोक्यावरून ढळला तरी चालेल. त्या आत आल्याशिवाय माझ्या रामाचा जन्म व्हायचा नाही.

उठा! अजून बसलात?