शेळीच्या गळ्यातलं घड्याळ

पोरगी बोरीच्या झाडावर बसली आहे, हे मी डोळ्यानं पाहून सांगितलं, तरी घरात एकानंही माझं मानलं नाही. कारण मोबाईल म्हणत होता, पोरगी नाल्यात आहे.

माझा दीर सुभाष. त्याला चहासोबत रोज स्वतःचं लहानपण लागतं. "वहिनी, आमी दिवसभर रानात राहो, इहिरीत उड्या मारो. कोणी इचारत नोतं!" आणि त्याच्याच पोरीच्या, पिंकीच्या मनगटाला घड्याळ बांधलेलं. ती कुठं आहे ते ह्याच्या मोबाईलवर दिसतं. अंगणाबाहेर पाय पडला की घड्याळातून ह्याचा आवाज, "कायले गेली वं?"

त्या दिवशी जाऊ रडून राह्यली, अन् सुभाष काठी घेऊन नाल्याकडं पळाला. अर्धं गाव मागं. नाल्यात आमची शेळी चंद्री पाला खात उभी, घड्याळ तिच्या गळ्यात.

सगळे शेळीला ओढत परत आले, मग मी बोरीखाली उभी राहून पिंकीला उतरवलं. ओटीत बोरं.

"कोणं शिकवलं तुले हे?" सुभाष गरजला.

"तुमीच त रोज सांगता, बाबा. म्हशीची घंटी वाजत राहे, आबाले वाटे तुमी तिच्यापाशीच आहा. अन् तुमी इहिरीत! माह्यापाशी म्हैस नाही, म्हून शेळीले बांधलं."

गाव हसून लोळलं. मी म्हटलं, "आता बोल भाऊ, चूक कोणाची?"

सुभाषनं पोरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् काठी उगारली शेळीवर.

"नाल्यात कायले गेली वं, चंद्रे?"